मावशीचं नाक आणि आबांची बाटली

शेजारच्या मावशी सकाळी न्याहारीच्या आधीच पितात, ही बातमी आमच्या गल्लीत नव्या भाडेकरूला नळाच्या वेळेआधी कळते. पुरावेही भक्कम. दात जांभळे, ओठांच्या कडा जांभळ्या, जीभ तर शाईची दौत उपडी केल्यासारखी. पिशवीतून बाटल्यांचा किणकिणाट. शिवाय भरदुपारी भेटल्या तर डोळे अर्धे मिटून, मान तिरकी करून अशा उभ्या राहतात की समोरच्याला वाटावं, आता यांना धरावं लागणार.

तर ते साफ खोटं आहे. मावशींनी आयुष्यात जेवढी वाईन तोंडात घेतली तेवढ्यात आमची गल्ली तरंगेल, पण त्यातली पोटात गेली असेल ती ठसका लागला तेव्हाचीच. त्यांचा धंदाच थुंकण्याचा. गल्लीच्या टोकाला त्यांच्या थोरल्या भावाचं घर आहे, घराखाली तळघर, तळघरात लाकडी पिंपं आणि पिंपांत फ्रान्समधल्या बोर्दोच्या रीतीची लाल वाईन. कॅबर्ने जातीची द्राक्षं जास्त, मर्लो जातीची कमी, वर्ष-दीड वर्ष लाकडात मुरवलेली. ती कशी चालली आहे, कुठलं पिंप कुठल्यात मिसळायचं, बाटलीत कधी भरायचं, हे मावशी चाखून सांगतात आणि बादलीत थुंकतात. लांबून, नेमकं, एका धारेत. पोरांनी नाव ठेवलंय पिचकारीमावशी. मावशींना ते माहीत आहे. त्या म्हणतात, नुसतं नाव ठेवून काय होतंय, एकदा तशी थुंकून दाखवा म्हणावं.

आणि ते अर्धे मिटलेले डोळे? तेव्हा त्या वास घेत असतात. मी गच्चीवर चोरून ओढलेली सिगारेट त्यांनी जिन्यात ओळखली, ब्रँडसकट, आणि आमच्या सौभाग्यवतींना सांगितली. त्यानंतर काही दिवस आमच्या घरात जे वातावरण होतं त्याचा वास मात्र कुणीही ओळखला असता. स्वतः मावशी सुगंधी साबण वापरत नाहीत, केसांना तेल लावत नाहीत, चाखायच्या दिवशी कांदा खात नाहीत. नवरा होता तेव्हा त्यालाही खाऊ देत नव्हत्या. तो बिचारा ऑफिसात खाऊन यायचा आणि दारातच पकडला जायचा.

हे नाक त्यांना घडवून दिलं त्यांच्या वडिलांनी. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी मुलाला पिंपं दिली आणि मुलीला नाक, असं त्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, म्हणतात. आणि कुठला वाटा मोठा, यावर भावाबहिणीचं आजवर एकमत झालेलं नाही. पण आबांनी आणखी एक गोष्ट मागे ठेवली, आणि सगळं रामायण तिथून सुरू होतं.

ती म्हणजे आबांची बाटली. साल खरोखर उत्तम निघालं तरच त्या सालच्या बाटलीवर आबांचं नाव छापायचं. ठरवायची पद्धतही त्यांनीच घालून दिली. बाटल्यांच्या भरणीच्या आधी घरातल्या तिघांनी, म्हणजे मुलगा, सून आणि मुलगी यांनी, तळघरात एका पिंपाभोवती उभं राहून चाखायचं. बोलायचं नाही. पसंत असेल तर ग्लास उभा ठेवायचा, नसेल तर पालथा. एक ग्लास पालथा पडला की संपलं. ती वाईन बिननावाची, टँकरने व्यापाऱ्याकडे जाते आणि कुठल्या तरी स्वस्त बाटलीत विरघळते. का पालथा, असं विचारायचं नाही. आबा म्हणायचे, कारणं सांगत बसलात तर भांडाल, आणि भांडणाची चव वाईनला लागते.

आबा गेल्यापासून एकाही सालाला ते नाव लागलं नाही. एकदा गारपीट झाली. एकदा द्राक्षं घडातच सडली. एकदा ऊन इतकं पडलं की वाईन म्हणजे नुसता मुरंबा. एका साली तर दादांनी, म्हणजे मावशींच्या भावानेच, स्वतःच्या हाताने स्वतःचा ग्लास पालथा केला. लोक बोलायला मोकळेच. बापाला जमत होतं, पोराला जमेना, असं दुकानात, न्हाव्याकडे, सगळीकडे. दादांचे केस पांढरे झाले, गुडघे गेले, तळघराच्या पायऱ्या ते आता कडेकडेने उतरतात. पोर ते पोरच.

मागच्याच्या मागच्या हंगामात मात्र निसर्गाने हात सैल सोडला. थंडी संपता संपता मावशींनी त्या सालची पहिली चव घेतली तेव्हा मी तळघरात हजर होतो, कारण फुकटात घोटभर मिळेल अशी आशा मी कधीच सोडत नाही. दादांनी काचेच्या नळीने पिंपातून वाईन काढली. मावशींनी ग्लास पांढऱ्या फडक्यावर तिरका धरला आणि कडेचा रंग पाहिला. मग न हलवता वास घेतला. मग ग्लास गोल फिरवून पुन्हा घेतला. मग घोट घेऊन ओठांच्या फटीतून हवा आत ओढली. फुटक्या नळात हवा अडकते तसा आवाज होतो तो. मग थुंकल्या. आणि गप्प. ही गप्प राहायची वेळच खरी. तोंडातली चव किती रेंगाळते ते त्या मनात मोजत असतात. दादा त्यांच्याकडे निकालाच्या दिवशी पोर मास्तरांकडे बघतं तसे बघत होते.

मावशी म्हणाल्या, काळी द्राक्षं आहेत, पेन्सिलीला टोक केल्यावरचा वास आहे, मागून तंबाखूची रिकामी डबी. तुरट आहे पण अंगावर येत नाही. आणि मग, ज्या बाईने आपल्या लग्नाचं जेवणसुद्धा 'ठीक' म्हटलं होतं तिने सांगितलं की दादा, हे साल आबांच्या बाटलीचं आहे.

झालं. दादांना आभाळ ठेंगणं झालं. गल्लीत एकही माणूस उरला नाही ज्याला हे त्यांनी सांगितलं नाही. छापखान्यात जाऊन आबांच्या नावाची लेबलं सालासकट छापून आणली. आणि सोयरे यायचे असले की घर घासूनपुसून लख्ख करतात तसं त्यांनी तळघर धुवायला काढलं. गुडघे दुखत असताना. भिंती, फरशी, पिंपांखालच्या लाकडी घोड्या, सगळं ब्लीचिंग पावडरने घासलं. आबांच्या वेळी गरम पाणी आणि गंधकाची धुरी, बस. पण दादांना वाटलं, एवढं मोठं साल मुरणार, तर जागा दवाखान्यासारखी हवी. वहिनी म्हणाल्या, एवढा संसार झाला पण आमच्या न्हाणीघराला असा हात कधी लागला नाही.

त्यानंतर वर्षभर मावशी रोज त्या तळघरात उतरत होत्या. पिंपं चाखत होत्या, थुंकत होत्या, मान डोलवत होत्या. आणि मग त्यांच्या लेकीचं बाळंतपण निघालं. लेक लांब, समुद्राकडच्या गावात. मावशी तिकडे महिन्याहून जास्त राहिल्या. नातवाच्या डोक्याचा वास जगातल्या कुठल्याही वाईनहून चांगला, असं त्यांनी फोनवर आमच्या हिला सांगितलं, तेव्हा आम्हाला वाटलं, बाई बदलली.

परत आल्या त्या दिवशी पिशवी आमच्या दारात ठेवून त्या थेट तळघराकडे गेल्या. मी ओट्यावर बसलो होतो. माणूस आत गेला की निदान जांभळा होईपर्यंत बाहेर येत नाही, आणि या लगेच आल्या. दात पांढरे. वरच्या पायरीवर बसल्या आणि पदराने नाक पुसत राहिल्या. मी म्हटलं, काय मावशी, भावाने पिंपं विकून खाल्ली की काय? एरवी मला सव्वा शेर उत्तर मिळालं असतं. त्या पिशवी उचलून घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि न विचारता एकेक डबा उघडून हुंगू लागल्या. लवंग, दालचिनी, कॉफी, संत्र्याची सालं, रॉकेलची बाटली. ही कपाळाला आठ्या घालून उभी. तिला वाटलं, आपल्या डब्यांना कीड लागल्याचा संशय घेतायत. शेवटी मावशी खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, नाक शाबूत आहे. हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की जणू डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलंय.

मग हळूहळू बाहेर आलं. तळघराच्या जिन्यातच त्यांना बुरशी चढलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. नंतर पिंपं उघडून हुंगली तर वाईनमध्येही तोच, बारीकसा. आणि त्याहून वाईट म्हणजे जे असायला हवं होतं ते नव्हतं. पेन्सिल नाही, तंबाखूची डबी नाही, फळ तर जणू कुणी पांघरूण घालून झोपवलेलं. मावशी म्हणाल्या, हा असा चोर आहे की घरात काही आणून टाकत नाही, असलेलं घेऊन जातो. लाकडाला ओल आणि बुरशी असते, त्यावर ब्लीचिंग पडलं की हा वास तयार होतो, हवेत पसरतो आणि पिंपांत शिरतो. आणि रोज त्यात वावरणाऱ्याला तो कळत नाही. आपल्याच घराचा वास कुणाला येतो? महिनाभर बाहेर राहिल्या म्हणून आला.

म्हणजे त्यांनीच मोठं साल म्हटलं, म्हणून भावाने तळघर धुतलं, म्हणून साल बुडालं. हे त्या बोलल्या नाहीत. पण हिने चहा पुढे केला तेव्हा मावशींनी तो हुंगला नाही. सरळ प्यायल्या.

तरी मनात कुठेतरी आशा असावी. एका संध्याकाळी त्यांनी आमच्याकडून हिच्या ठेवणीतले तीन काचेचे ग्लास मागून घेतले. एकात साधं पाणी भरून तो तळघरात उघडा ठेवला, दोन तसेच भरून आमच्याच स्वयंपाकघरात ठेवले. हवेत काही असेल तर पाणी ते धरतं म्हणे. सकाळी तळघरातला ग्लास बशीने झाकून आणला आणि मला म्हणाल्या, ए वात्रट, मी पाठ करते, तू यांची अदलाबदल कर, मला कळता कामा नये.

अशी संधी मी सोडेन का? मी तळघरातला ग्लास उचलून खिडकीत पडद्यामागे ठेवला आणि त्याच्या जागी दुसऱ्या ग्लासात नळाचं पाणी भरून ठेवलं. मावशी वळल्या. पहिला हुंगला. दुसरा हुंगला. तिसरा हुंगला. पुन्हा पहिला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता. काही नाहीये गं, त्या हिला म्हणाल्या, पोरी, काही नाहीये, माझ्याच डोक्यात होतं. उठून त्या दाराकडे निघाल्यासुद्धा, भावाला सांगायला. तेव्हा मला पडदा बाजूला करावा लागला.

ही माझ्याकडे कशी बघत होती ते मी लिहीत नाही. मावशींनी खिडकीतला ग्लास घेतला, एकदाच नाकाशी नेला आणि हिच्या हातात दिला. हिने हुंगलं आणि म्हणाली, माळ्यावर पुस्तकांचं खोकं पावसात भिजून तसंच राहिलं होतं ना, तसं. मावशींनी मान हलवली आणि मला म्हणाल्या की तू बरोबर केलंस, आता मला शंका उरली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी त्यांनी भावाला सांगितलं. काय झालं ते आम्हाला वहिनींकडून कळलं, भिंतीवरून, कपडे वाळत घालताना. दादा आधी हसले. म्हणाले, तळघराला तळघराचाच वास येणार, अत्तराचा येईल का? मग म्हणाले, बाळाची पावडर आणि दूध हुंगून तुझं नाक गेलंय. मग पाण्याचा ग्लास समोर धरला तर म्हणाले, मला काही येत नाही. आणि ते खरं होतं; ते त्या वासाच्या पोटात राहत होते, त्यांना कसा येणार? मावशींनी उपाय सुचवला. दादा, आठवडाभर माझ्याकडे राहायला ये. तळघरात पाऊल टाकू नकोस, ते कपडेही घालू नकोस. मग खाली जा आणि तूच सांग. तुला नाही आला वास, तर मी माझा ग्लास डोळे मिटून उभा ठेवते.

सगळ्या गल्लीला वाटलं, सोपं आहे. आठवडाच तर आहे. दादा मात्र गेले नाहीत. आज पिंपं भरायची आहेत, उद्या बुचवाला यायचाय, परवा गुडघा दुखतोय. मावशींचं घर दहा पावलांवर, पण त्यांना काही तिथवर चालता येईना. बूट घालून दारात उभे राहायचे आणि पुन्हा काढायचे. वहिनी म्हणाल्या, यांना तिकडे काय कळणार आहे ते यांना इकडेच कळलंय. आणि चिमटा तोंडात धरून पुढची चादर झटकायला लागल्या.

शेवटी वहिनीच चार दिवस आपल्या बहिणीकडे जाऊन आल्या. कशाला, ते त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही.

भरणीआधीच्या सकाळी तिघं तळघरात उतरली. मीही गेलो; हिचा ठेवणीतला ग्लास परत न्यायचा होता, आणि असं सबळ कारण मला नेहमीच सापडतं. मी पायरीवरच थांबलो. आता माहीत असल्यामुळे असेल, पण तो वास मलाही लागला. बाजूला लेबलांचे गठ्ठे कोऱ्या नोटांसारखे रचून ठेवले होते. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

दादांनी तीन ग्लासांत थोडी थोडी वाईन घेतली. रंग काय सुंदर होता. रंगाला नाक नसतं, म्हणून तो तसाच राहिला होता. दादांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, थुंकले आणि आपला ग्लास पिंपावर उभा ठेवला. ठेवताना तळ लाकडावर टकटक वाजला.

वहिनींनी ग्लास नाकाशी नेला. नवऱ्याकडे पाहिलं. नणंदेकडे पाहिलं. आणि मग त्या घराण्यात आजवर कुणी केलं नसेल असं काहीतरी केलं. काढा पितात तशी सगळी वाईन एका दमात गिळून टाकली, तोंड पुसलं आणि ग्लास ठेवला. उभा, पण रिकामा. याला काय म्हणायचं ते आबांनी सांगून ठेवलेलं नव्हतं.

राहिल्या मावशी. त्यांनी सगळं नेहमीसारखं केलं. पांढरं फडकं, तिरका ग्लास, वास, फिरवणं, पुन्हा वास, घोट, तो हवेचा आवाज. बादलीत थुंकल्या, पण धार फुटली आणि काही थेंब काठावर पडले. असं त्यांचं कधी होत नाही. नंतर तोंडातली चव इतका वेळ मोजत राहिल्या की मला वाटलं, बाईचं मन फिरतंय की काय. उरलेली वाईन बादलीत ओतली आणि ग्लास पालथा घातला. अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून.

बोलायचं नाही, असा नियम. तो दादांनी मोडला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी निघून गेलो असतो. पिंपाला टेकून ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला माहीत आहे गं. मी काही मूर्ख नाही. पण आता असं साल मला पुन्हा कधी मिळणार? एकदा, फक्त एकदा, माझ्या हातच्या बाटलीवर आबांचं नाव बघायचं होतं. वास बारीक आहे, तूच म्हणालीस. तू तो ग्लास उभा ठेवला असतास तर कुणाला कळणार होतं?"

मावशींनी पदर नाकाला लावला आणि काढला.

"बाटली आपल्या दोघांपेक्षा जास्त जगते, दादा. आपण गेल्यावर कुणीतरी ती उघडेल, नाक मुरडेल आणि आबांना नावं ठेवेल. तेव्हा 'माझ्या भावाला स्वच्छतेची फार हौस होती हो' हे सांगायला मी कुठून येऊ?"